दोन आणि चार

मिरेकची आणि माझी ओळख झाली तेव्हा मी शिडीवर होतो आणि तो खाली उभा राहून मला माझंच काम शिकवत होता.

मीना सलमानला बंदराच्या बाजूला जहाजांचे दोरखंड आणि रंगाचे डबे ठेवायचं एक गोदाम आहे. तिथल्या एसीची देखभाल आमच्या कंपनीकडे असते. गोदामावरची एक लांबट खोली कुणा गोऱ्या म्युझिक टीचरने भाड्याने घेतली आहे, एवढं मला सुपरवायझरने सांगितलं होतं. खोली थंड होत नाही अशी तक्रार असणार, हे मी गृहीत धरूनच गेलो. बहारीनमध्ये बावीस वर्षं एसीचं काम केल्यावर माणूस दुसरं काही गृहीत धरत नाही.

"मिस्टर एसी," खालून आवाज आला, "खोली थंड करू नका. खोली स्थिर करा."

मी वाकून पाहिलं. साठी उलटलेला, उंच, किंचित पोक आलेला माणूस. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणंसुद्धा लावलेली. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकला होता. त्याच्या मागे त्याच्याहून उंच असं एक वाद्य भिंतीला टेकून उभं होतं, व्हायोलिनचा आजोबा म्हणता येईल असं. त्याला डबल बेस म्हणतात हे मला नंतर कळलं. आणि भिंतीवर तीन ठिकाणी हवेतला दमटपणा मोजायची तीन घड्याळं टांगलेली होती. आमच्या ऑफिसात असं एकच आहे, तेही बंद.

"या लाकडाला थंडी चालते, उकाडाही चालतो," तो म्हणाला. "गोदामवाला संध्याकाळी एसी बंद करतो, सकाळी चालू करतो. ही रोजची उलथापालथ नाही चालत. माणसांनाही नाही चालत, पण माणसं आधी कुरकुर तरी करतात. हे बिचारं एकदम तडकतं."

त्याच्या इंग्रजीत 'द' आणि 'अ' नव्हते, आपल्यासारखंच. त्यामुळे मला त्याचं बोलणं पहिल्या दिवसापासून कळलं. गोदामवाल्याची समजूत घालून मी त्या खोलीचा एसी वेगळा करून दिला आणि आठवड्याने पाहायला गेलो. तिन्ही घड्याळांचे काटे एकाच आकड्यावर होते. त्याने एकेका घड्याळापाशी वाकून खात्री करून घेतली आणि म्हणाला, "मफी मुश्किल."

म्हणजे, काही अडचण नाही. इथे पंक्चरवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे हे दिवसातून पन्नासदा म्हणतात, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. ही त्याची सर्वांत मोठी पदवी होती आणि ती मिळवायला लोकांना दोन-दोन वर्षं लागत, हे कळल्यावर मात्र मला उगीचच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं.

मिरेक चेक होता. त्याचं आडनाव मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, म्हणून लिहीत नाही. तरुणपणी तो आपल्या देशात जॅझ वाजवायचा आणि शिकवायचा. मग एका हॉटेलच्या बँडबरोबर सहा महिन्यांसाठी बहारीनला आला. बँड परत गेला, हा राहिला. त्याला एकोणीस वर्षं झाली होती. लोकांना त्याच्याकडून जुन्या कम्युनिस्ट राजवटीच्या, चोरून ऐकलेल्या रेकॉर्डींच्या गोष्टी हव्या असत. कुणी विचारलं, "तुमच्याकडे जॅझला बंदी होती ना हो?" की तो म्हणायचा, "काही वर्षं होती, काही वर्षं नव्हती. बंदी होती तेव्हा लोक जास्त लक्ष देऊन ऐकायचे." आणि मग जंगलात अळंबी कशी शोधायची यावर अर्धा तास बोलायचा. घरी कोण, लग्न झालं होतं का, हे आम्ही कधी विचारलं नाही. एक बहीण होती, ती दर रविवारी फोन करायची.

तो हूरामध्ये आमच्याच मागच्या गल्लीत राहायचा. त्याच्याकडे एक जुनाट पिकअप होती. तिच्यात ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बेस बसायचा, पट्टा लावून, आणि माणसं असतील तर ती मागे उघड्यावर. एकदा मी म्हटलं, "मी पुढे बसतो, बेस मागे ठेवा." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने मागे चढलो. शुक्रवारी दुपारी तो झल्लाकच्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात ब्रंचला वाजवायचा. त्याचा व्हिसा त्या हॉटेलचा होता. आणि शनिवारी सकाळी मीना सलमानच्या त्या खोलीत त्याचा क्लास असे. नोकरी हॉटेलची होती, पण तो जगायचा शनिवारसाठी, हे त्याच्या पहिल्या 'यल्ला'तच, म्हणजे 'चला'तच, ऐकू यायचं.

एका रात्री जेवताना मी मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, या वल्लीबद्दल सांगितलं. मेधा बँकेत आहे, आणि आमच्या मराठी मंडळात पेटी वाजवते. गणपती असो, भजन असो, लहान मुलांचं नाट्यगीत असो, पेटीवर मेधाच. तिने पोळी मोडता मोडता सांगितलं, "मला शिकायचंय त्यांच्याकडे. पियानो."

"अठ्ठेचाळिसाव्या वर्षी?"

"मग काय अठ्ठ्याऐंशीची वाट बघू?"

तर अशा रीतीने मी दर शनिवारी तिचा ड्रायव्हर म्हणून त्या खोलीत जाऊन बसायला लागलो. बसायला रंगाचे रिकामे डबे उलटे घातलेले असत. तिसरा डबा माझा.

पहिले तीन महिने मिरेक कुणालाही वाद्याला हात लावू देत नसे. तीन महिने नुसत्या टाळ्या. तो बेसवर चार मात्रांचा ठेका धरायचा आणि विद्यार्थ्यांनी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. आपल्याला जन्मापासून पहिल्या मात्रेवर टाळी द्यायची सवय असते. मेधाचे हात दर वेळी एकवरच जायचे. टाळी एकवर पडली की मिरेक थांबायचा. रागावायचा नाही, नुसता थांबायचा, बेसच्या तारांवर पंजा ठेवून. मग पुन्हा पहिल्यापासून. एका शनिवारी तो चाळीस वेळा थांबला. मी मोजलं, मला दुसरा उद्योग नव्हता.

"पण सर, एकवर दिली तर बिघडतं कुठे?" मेधाने शेवटी वैतागून विचारलं.

"एक सगळ्यांना माहीत असतो," मिरेक म्हणाला. "तो कुठे पळून जात नाही. त्याला टाळी कशाला हवी? दोनवर टाळी द्यायची, तर आधी एक ऐकावा लागतो. मला टाळ्या नकोत, मिसेस मेधा. मला ऐकणारी माणसं हवीत."

चौथ्या महिन्यात तिला पियानोपुढे बसवलं, तेव्हा नवीच अडचण निघाली. पेटी उजव्या हाताने वाजते, डावा हात भाता हलवतो. मेधाचा डावा हात पट्ट्यांवर नुसता बसून राहायचा. मिरेकने पेटीची सगळी रचना विचारून घेतली आणि तिचा डावा हात उचलून जरा वेळ न्याहाळला. "हा हात तीस वर्षं दुसऱ्याला वारा घालतोय," तो म्हणाला. "याला आता स्वतःचं काम द्या." त्या वाक्यावर मेधा गाडीत बसून रडली. मी म्हटलं, "अगं, पेटीबद्दल बोलत होता तो." ती म्हणाली, "गाडी चालव."

क्लासला पाच-सहा जण येत-जात, पण टिकलेले तिघेच. मेधा, युसुफ आणि लोर्ना. युसुफ मुहर्रकचा बहारीनी, बंदराच्या कस्टममध्ये नोकरीला, ड्रम वाजवायचा. त्याचे आजोबा मोती काढणाऱ्या गलबतांवरचे गाणारे. त्या गाण्यांत टाळ्यांचे असे काही पेच असतात, की युसुफला मिरेकचा धडा पहिल्या दिवशी तीन मिनिटांत आला. मिरेकने त्याला तरीही तीन महिने टाळ्याच वाजवायला लावल्या. "नियम म्हणजे नियम," म्हणाला.

लोर्ना वसईची. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते आणि चर्चच्या क्वायरमध्ये गाते. आवाज खणखणीत, पण गाताना डोळे छताला लागलेले. मिरेक तिला म्हणायचा, "लोर्ना, देवाला सगळं ऐकू येतं, त्याची काळजी नको. त्या तिसऱ्या डब्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असं गा." एकदा तिचं एक गाणं काही केल्या बसेना. दर ओळ ती ठरल्या जागी, ठरल्या जोराने उचलायची. मिरेकने गाणं सोडून विचारलं, "पेशंट सुईला घाबरला तर तुम्ही काय करता?"

"काय करणार सर? विचारते, मुलं किती, शाळा कुठली. तो सांगायला लागला की घातली सुई. त्याला कळतपण नाही."

"मग गाण्यात का आधी ओरडून सांगता, की आता टोचणार आहे?"

लोर्ना हसली, पुन्हा गायली, आणि ती ओळ केव्हा सुरू झाली ते मला खरोखरच कळलं नाही. मिरेक म्हणाला, "मफी मुश्किल." लोर्नाने येताना कुणासाठी तरी केक आणला होता, तो आम्ही सगळ्यांनी तिथेच संपवला.

आता गणपतीची गोष्ट. मेधाच्या शिकण्याला दीड वर्ष होत आलं होतं. मंडळाने नेहमीप्रमाणे हॉल घेतला होता, आरास झाली होती, आरतीला शे-दीडशे माणूस. मेधा पेटीवर. पहिल्या कडव्यानंतर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. सूर बरोबर होते. पण मेधाचा डावा हात आता शिकलेला झाला होता. तो भाता दुसऱ्या मात्रेवर दाबत होता. पेटीचा आवाज भलत्याच ठिकाणी फुगत होता आणि टाळ्यांचा पाय घसरत होता. अर्धी माणसं पेटीबरोबर गेली, अर्धी झांजेबरोबर. झांज नेनेकाकांच्या हातात. नेनेकाका मंडळाचे सर्वांत जुने सभासद, तीस वर्षं तीच झांज. ते इतक्या जोरात वाजवायला लागले की पुढच्या रांगेतलं एक तान्हं रडायला लागलं. आरती कशीबशी पार पडली.

"मेधा, पेटीला काय झालंय?" काकांनी प्रसाद घेता घेता विचारलं.

"पेटीला नाही काका, मला झालंय."

"ते तुझे जॅझवाले सर का? त्यांना म्हणावं, तुमचं तिकडे काय ते चालू दे. इथे टाळी पहिल्या मात्रेवर."

मेधाला वाटलं मिरेक चिडेल. शनिवारी तिने सांगितलं तर तो डब्यावरून उठलाच. "दीडशे माणसं? कुणी न शिकवता? सगळी एकत्र? दहा दिवस रोज?" त्याचा आनंद बघून आम्हीच ओशाळलो. मग म्हणाला, "पण दीडशेच्या दीडशे एकवर असतील, तर ऐकतं कोण?"

इथे मी तोंड उघडलं. त्या खोलीत दीड वर्षात पहिल्यांदाच. लहानपणी डोंबिवलीला मी दोन वर्षं तबला शिकलो होतो. पुढे गुरुजींनीच आईला भेटून तो परस्पर बंद करवला. पण तीनताल हातावर धरायचा तेवढा अजून येतो. मी म्हटलं, आमच्यातही अशी एक जागा असते जिथे टाळी द्यायची नाही. आणि धरून दाखवलं. टाळी, टाळी, मग हात नुसता बाजूला उलटायचा, तळवा वर, रिकामा. मग परत टाळी. "याला खाली म्हणतात."

मिरेक माझ्यासमोर उकिडवा बसला. "पुन्हा."

मी पुन्हा दाखवलं. त्याने माझा हात मनगटाला धरून हळूच उलटा केला. "आवाज नसलेली टाळी," तो म्हणाला. "मात्रा आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि तिचा आवाज करायचा नाही. मिस्टर एसी, दीड वर्ष तुम्ही हे खिशात घालून त्या डब्यावर बसला होतात?"

त्यानंतर 'खाली' हा शब्द त्याने उचललाच. लोर्ना जरा जास्त गायला लागली की तो ओरडायचा, "खाली! खाली!" मुहर्रकचा युसुफसुद्धा ड्रमवर काठी उगारून न मारता म्हणायचा, "खाली." माझा भाव त्या खोलीत थोडा वधारला.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर हॉटेलात नवा मॅनेजर आला. मिरेकबरोबर वाजवणाऱ्या दोघांना त्याने आधीच कमी केलं होतं. मिरेकला तो म्हणाला, लॅपटॉपवर बाकीची वाद्यं लावा आणि तुम्ही वरून वाजवा. मिरेकने नकार दिला. मग ठरलं असं, की एका शुक्रवारी मिरेकने स्वतःचा बँड आणून दाखवायचा. टेबलं भरली, लोक खूश झाले, तर करार पुढे चालू. नाहीतर जूनमध्ये खलास. करार गेला की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की शनिवार गेला. सदुसष्टाव्या वर्षी त्याला दुसरं कोण ठेवून घेणार होतं? हे त्याने आम्हाला एका दमात सांगितलं आणि म्हणाला, "बँड म्हणजे तुम्ही. यल्ला."

मेधाने त्या सहा आठवड्यांत मला धड जेवायला घातलं नाही. ऑफिसातून आली की पियानो. लोर्ना ड्युटी बदलून घ्यायची. मला काहीच वाजवता येत नव्हतं, म्हणून मला वाटलं, आपण निदान टेबलं भरू. मी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "शुक्रवारी सहकुटुंब या. मेधाच्या सरांच्या नोकरीचा प्रश्न आहे. आणि टाळ्या अशा वाजवा की मॅनेजरला ऐकू गेल्या पाहिजेत." तो मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहे.

चाळीस माणसं आली. एरवी त्या ब्रंचच्या वाटेला न जाणारी माणसं, नेनेकाकांपासून, इस्त्रीच्या कपड्यांत. सगळी टेबलं भरली. मॅनेजर दारात उभा राहून हसत होता. पहिलं गाणं फार छान झालं. मेधाचा डावा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला, आणि मला तिचा अभिमान वाटला. हे तिला सांगायचं राहून गेलं, ते इथे सांगतो.

दुसऱ्या गाण्याला नेनेकाकांनी टाळी धरली. मदत म्हणून. मी सांगितलं होतं म्हणून. त्यांच्यामागे चाळीसच्या चाळीस जण, खणखणीत, एकजात, पहिल्या मात्रेवर. दणदणीत टाळी होती, आरतीला असते तशी. मी मेधाकडे पाहिलं. तिचे खांदे वर आले, आणि डावा हात मुकाट्याने एकवर जाऊन बसला. तीस वर्षांची सवय वर्षा-दोन वर्षांत जात नाही. लोर्नाचे डोळे छताला लागले. एकटा युसुफ तग धरून होता. खरं तर बाकीच्या पाहुण्यांना काहीही कळलं नव्हतं. गाणं तसंच पुढे गेलं असतं, टाळ्या पडल्या असत्या, आणि मिरेक बहारीनमध्ये राहिला असता.

मिरेकने तारांवर पंजा ठेवला.

सगळं थांबलं. तो पुढे आला आणि म्हणाला, "लेडीज अँड जंटलमन, तुम्ही फार उत्साही आहात. पण तुम्ही लवकर पोचताय." आणि त्याने शिकवायला सुरुवात केली. पायाने एक, हाताने दोन. पायाने तीन, हाताने चार. मॅनेजर येऊन कानाशी काहीतरी पुटपुटला. मिरेक मोठ्याने म्हणाला, "आत्ता नाही वाजवता येणार. ते अजून तयार नाहीत." वीस मिनिटं हे चाललं. पदार्थ गार होत होते, वेटर भिंतीला टेकून टाळ्या शिकत होते. सगळ्यांत शेवटी नेनेकाकांना जमलं. मिरेक त्यांच्या टेबलापाशी उभा राहून त्यांच्या हातांकडे बघत होता, आणि काका कपाळावरचा घाम पुसून पुन्हा पुन्हा सुरू करत होते. जमल्यावर मिरेक म्हणाला, "मफी मुश्किल," आणि जाऊन बेस उचलला. मग ते गाणं झालं. चाळीस माणसं दोनवर आणि चारवर टाळी देत होती आणि मधल्या फटींतून लोर्नाचा आवाज येत होता. मला संगीतातलं फार कळत नाही. पण माझेही हात दोनवरच पडत होते.

मॅनेजर नंतर म्हणाला, "व्हेरी चार्मिंग. पण हे ब्रंच आहे, शाळा नाही." करार संपला.

मेधा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं टाळ्यांचं?" आठवडाभराने मी मिरेकला गल्लीतल्या चहावाल्याकडे गाठलं आणि सांगून टाकलं, की त्या लोकांना मी बोलावलं होतं, टाळ्या वाजवा असंही मीच लिहिलं होतं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "लोर्नाने त्याच दिवशी सांगितलं."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? माझ्या देशात मी नऊ माणसांपुढे वाजवलंय, त्यांतले तीन पाऊस थांबायची वाट बघत होते. तुम्ही चाळीस आणलीत."

"पण तुम्ही थांबायला नको होतं. कुणाला कळलं नसतं."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "ते माझ्यासाठी आले होते, मिस्टर एसी. आले तसेच परत पाठवायचे होते का?"

यावर मी आजपर्यंत बराच विचार केला आहे. ते बरोबर होतं असं मला अजूनही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण माझी लाज मात्र त्या दिवशी निम्मी झाली.

व्हिसाची मुदत ऑगस्टअखेर संपत होती. बेस नेण्याचा प्रश्न निघाला. विमानवाले तयार नव्हते, आणि कंटेनरमधून जहाजाने पाठवला तर वाटेत हवेची काय उलथापालथ होईल ते मीच त्याला आकडे देऊन सांगितलं. त्याने आकडे ऐकले आणि विचारलं, "तुमच्या घरी एसी कसा आहे?" तर तो बेस आता आमच्या बेडरूममध्ये उभा आहे. एसी दिवसरात्र एकाच आकड्यावर. आम्ही बारा महिने पांघरूण घेऊन झोपतो. भिंतीवर तीन घड्याळं आहेत, आणि दर शनिवारी मी त्यांचा फोटो काढून मिरेकला पाठवतो.

त्या वर्षी गणपती लवकर होते, त्याच्या जाण्याच्या आधीच आले. नेनेकाका स्वतः त्याच्या घरी जाऊन आमंत्रण देऊन आले. त्या ब्रंचचं काकांनाही लागलं होतं. संध्याकाळच्या आरतीला मिरेक आला. पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, चपला व्यवस्थित जोडून बाहेर काढलेल्या. काकांनी त्याला पुढे, मूर्तीच्या उजव्या हाताला उभं केलं. माझ्यासमोरच.

मेधाने पेटी उघडली. तेवढ्यात काका मागे वळून सगळ्यांना हळूच म्हणाले, "आज सरांसाठी. शिकवलंय तशी."

आणि आरती सुरू झाली. दीडशे माणसं, त्यांतली चाळीस शिकलेली, बाकीची त्यांचं बघून, दुसऱ्या मात्रेवर टाळी द्यायला लागली. नेनेकाकांची झांजसुद्धा दोनवर. मेधा दचकली, मग हसून भाता दोनवर दाबायला लागली. ते फार वाईट होत होतं. शब्द एकीकडे, टाळ्या एकीकडे, म्हाताऱ्या बायका गोंधळून थांबलेल्या. पण कुणीही सोडत नव्हतं. सगळे मिरेककडे बघत होते.

मिरेकने मान हलवली. नाही. आता तो थांबवणार, असं मला वाटलं. त्याने हात वर केले आणि टाळी दिली. पहिल्या मात्रेवर. मोठी, स्वच्छ, आपली टाळी. पुन्हा एकवर. नेनेकाकांकडे बघून पुन्हा. काकांची झांज एकदा अडखळली आणि जागेवर आली. मेधाचा हात आला. पुढची रांग आली, मग मागची, आणि हॉल पुन्हा एक झाला. आरती चढायला लागली. सगळ्यांची नजर मूर्तीकडे गेली.

माझी मिरेककडेच होती. तो डोळे मिटून आमच्याबरोबर टाळी देत होता. आणि प्रत्येक टाळीनंतर, दोनवर आणि चारवर, त्याचा उजवा हात शांतपणे बाजूला उलटत होता, तळवा वर, रिकामा.